चहानंतरचा खेळ

६ फेब्रुवारी

भाऊजी,

त्या दिवशी सकाळी पाणी लवकर गेलं आणि दोन चादरी साबणातच राहिल्या. मी त्या बादलीत तशाच झाकून ठेवल्या. मग ओटा पुसला, केर काढला, ह्यांच्या निळ्या शर्टाचं खालचं बटण शिवलं. कात्री हाताशी नव्हती म्हणून दोरा दातांनी तोडला. दुपारचं मला धड आठवत नाही, पण हे सगळं सकाळचं आठवतं. जिभेवर आलेला तो दोऱ्याचा तुकडासुद्धा आठवतो.

तुम्ही पहिल्या बसने आलात. ह्यांनी वजनकाटे दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून दाढी केली होती, जसं काही मुलगी बघायला पाहुणे येणार होते. मी म्हटलं, "मॅचचा पाचवा दिवस आहे म्हणे. चार दिवसांत जे झालं नाही ते आज काय होणार?" तर हे म्हणाले, "आज काही व्हायचं नाही, हेच तर बघायचंय." तुम्ही दोघं हसलात. मला कळलं नाही.

फोनवर मी तुम्हाला तीन-चारदा विचारायचा प्रयत्न केला. तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मी मोठ्याने बोलले तर वरच्या मजल्यापर्यंत जातं, आणि तुम्ही "बरंय, बरंय" म्हणून फोन ठेवता. म्हणून लिहिते.

आमच्याकडे मॅच चालू असताना मी बसायच्या खोलीत यायचं नाही असं ठरलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं की विकेट पडते यावर तुम्हा दोघा भावांचं एकमत. ह्यांना काही हवं असलं की खुर्चीत बसल्याबसल्या मधल्या भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. पाणी, चहा, चष्मा, काहीही. तीस वर्षांत माझे कान त्या भिंतीला चिकटलेलेच होते म्हणा ना.

त्या दुपारी मी चहा घेऊन दारात आले आणि नेमका कोणीतरी आउट झाला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, आता संध्याकाळपर्यंत ही लक्ष्मणरेषा." मी ट्रे दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि हसत परत गेले. राग आला नव्हता, खरंच.

त्यानंतर बऱ्याच वेळाने मला टकटक ऐकू आली. त्याच वेळी तुम्ही कशावर तरी ओरडलात. मी उठून दारापर्यंत आले. दोघांच्या पाठी दिसल्या. हे हलले नाहीत, वळले नाहीत. हवं असतं तर हात वर केला असता, असं वाटलं. भास झाला असेल म्हणून मी परत गेले.

भाऊजी, मला एवढंच सांगा. ह्यांनी भिंतीवर टकटक केली होती का? तुम्ही हाताच्या अंतरावर होतात. हो किंवा नाही, एवढंच लिहा. क्रिकेटचं काही लिहू नका, मला त्यातलं कळत नाही.

घरात अजून तेच चाललंय. वरच्यांचा टीव्ही लागला की माझा हात कामावर थांबतो. ऐकत राहते. मग टकटक होते. म्हणजे होत नाही, मला ठाऊक आहे. पण मी उठते.

तुमची
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचं अक्षर बघून आधी वाटलं, तुम्ही कामाला जाता त्या बाइंडिंगच्या दुकानातून कोणी छापूनच पाठवलंय. माझं अक्षर म्हणजे तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचं. खड्डे आहेत, सांभाळून वाचा.

आमच्याकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. हिचं लेकीकडे जायचं चाललंय. लेकीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, सातवा महिना आहे. मी इथे एकटा राहीन. काळजी नको, भात लावता येतो.

तुम्ही दादाचं विचारलंत. वहिनी, दादाला कसलाही त्रास झाला नाही. शेवटचा चेंडू पडला, मॅच वाचली, मी टाळी वाजवली, आणि दादा गेला. त्याच क्षणाला. असं मरण मागून मिळत नाही. समाधानाने गेला तो.

तुम्ही क्रिकेट लिहू नका म्हणता, पण त्याच्याशिवाय त्या दिवसाचं काय सांगणार? सकाळी दादा म्हणाला, "आज शंभर टक्के हरतो." मी म्हटलं, "तू नेहमी असंच म्हणतोस." तर म्हणाला, "मी असं म्हणतो म्हणून तर कधीकधी वाचतो." जेवणापर्यंत पाच गेले. दादा जेवताना म्हणाला, "आपल्या ह्या कीपरची बॅटिंग बघ, ह्याला घाई नाही. घाई नसलेला माणूस शेवटपर्यंत जातो." तुम्हीच वाढत होतात तेव्हा, पण तुम्ही ऐकलं नसणार. मग सहावा गेला. तुम्ही चहा घेऊन आलात आणि सातवा गेला. तेव्हा दादा मला हळूच म्हणाला, "तिला पनवती म्हणू नकोस रे, तिच्या हातचा चहा पिऊन आपण एवढी वर्षं हरतोय, तो काय तिचा दोष?" हे तुम्हाला माहीत नसेल.

मग तिकडे मैदानावर चहाची सुट्टी झाली. दादा म्हणाला, "आता हा बोलर आलाय बॅटिंगला. लोक ह्याला नावं ठेवतील. पण हा टिकेल. ज्याला काही येत नाही तो एकच गोष्ट करतो, म्हणून टिकतो." जाहिराती चालू होत्या. त्याने कप खाली ठेवला आणि पाय लांब केले.

आणि तो बोलर टिकला, वहिनी. माझ्याकडे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे. परवाच पुन्हा पाहिलं. अजून तेवढीच छाती धडधडते.

तुम्ही जास्त विचार करू नका. भास होतातच. आई गेल्यावर मला महिनाभर तिच्या बांगड्या ऐकू यायच्या.

आपला
भाऊजी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

मी एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही सात विकेट पाठवल्यात.

तुम्ही लिहिलेलं ते चहाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते मला दिलंत, बरं केलंत. पण प्रश्न तसाच राहिला.

मला ह्या खेळाचा राग नाही. मला तो दिसतच नाही. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, शिकेन. कोणी शिकवल्या नाहीत अशा कितीतरी गोष्टी मी शिकले. तीन इयत्ता झाल्या होत्या माझ्या. बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकांचे छापील फर्मे, ते मोठाले कागद, दुमडता दुमडता वाचायला लागले, आधी मधली पानं, मग कुठेतरी पहिली, आणि एक दिवस घरी पुस्तक आणून सुरुवातीपासून वाचलं. तसंच हेही येईल म्हटलं. एका रविवारी ह्यांच्या शेजारी बसले. एक माणूस लांबून पळत आला. त्याने चेंडू टाकला. दुसऱ्याने तो बॅटने पायाशी ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "काही झालं नाही." मी म्हटलं, "मग टाळ्या कशाला?" म्हणाले, "अगं, काही होऊ दिलं नाही ना त्याने." अर्ध्या तासाने मी उठून डबे घासायला गेले. डबे निदान घासले की चकाकतात.

आणि तो तुमचा न हलण्याचा नियम. जोडी जमली की जागा बदलायची नाही. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन दारात आला, तर ह्यांनी त्याला "तिथेच, तिथेच" म्हणून थांबवलं. तो बिचारा ओव्हर संपेपर्यंत उंबऱ्यावर उभा. आणि तोही येडा, सिलेंडर न उतरवता बघत राहिला. मी म्हटलं, पाठ मोडेल त्याची. तर गॅसवालाच मला म्हणाला, "थांबा ना काकू, दोन चेंडू राहिलेत." त्या दिवशी मी हात टेकले.

म्हणजे माणसं पुतळ्यासारखी बसली की तिकडे कोणाची तरी विकेट वाचते, असं मानणारे शहाणे तुम्ही. मी आयुष्यभर हसले त्यावर. आता हसू येत नाही. हे त्या दुपारी कसे बसले होते ते आठवायला गेले की, कसे बसले होते तेच मला ठरवता येत नाही.

तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे म्हणता. ते मला पाठवा. ह्यांनी शेवटचं काय पाहिलं ते मला पाहायचंय. मला समजलं नाही तरी चालेल.

आणि टकटक केली का, ते लिहा.

वहिनी


१५ मार्च

वहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. ही लेकीकडे गेली, तिची बॅग, औषधं, गाडीत बसवणं, त्यात दिवस गेले.

रेकॉर्डिंग पाठवून उपयोग नाही. तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही, उगाच त्रास होईल. जुनं उकरून काय मिळणार? त्यापेक्षा मीच सांगतो, चहानंतर काय झालं. मला ते चेंडू चेंडू पाठ आहे.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. मैदानावर सावल्या लांब. त्यांनी स्पिनर लावला आणि बॅटभोवती चार माणसं आणून बसवली, इतकी जवळ की बॅट्समनला त्यांचा श्वास ऐकू येत असेल. कीपर पुढे पाय टाकून, बॅट पायामागे लपवून खेळत होता. मी म्हटलं, "दादा, बघ, तू म्हणालास तसंच." दुसरीकडून फास्ट बोलर. आमच्या बोलरसाहेबांच्या खांद्यावर एक बसला, बरगडीत एक बसला. फिजिओ आला, पाणी आलं. मी म्हटलं, "बघितलंस? चोळलंसुद्धा नाही त्याने." मग नवा चेंडू घेतला. तिसऱ्याच चेंडूला कड लागली, स्लिपमध्ये सरळ हातात, आणि सुटला. मी एवढा ओरडलो की घसा बसला. तिथून पुढे ते दोघं पुतळे झाले आणि इकडे आम्ही दोघं. माझा डावा पाय बधिर झाला, मुंग्या आल्या, पण जागा बदलली नाही. आम्ही जागचे हललोच नाही, वहिनी. शेवटच्या ओव्हरला नऊ माणसं बॅटभोवती. मी मोजत होतो, मोठ्याने. सहा, पाच, चार. शेवटचा चेंडू त्याने सोडून दिला. नुसता सोडून दिला, जाऊ दिला यष्टीशेजारून. ह्याच्यासारखं सुंदर मी काही पाहिलेलं नाही.

मग मी उठलो.

असा होता तो दिवस. आता तरी मन शांत करा. कामावर जात राहा, पुस्तकं वाचा.

आपला
भाऊजी


२२ मार्च

भाऊजी,

तुमची दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. मला वाचताना एक सवय आहे. शाळेत कोणी शिकवलं नाही, त्यामुळे मी गोष्ट वाचताना आधी कोण बोलतंय तेवढं बघते. बाकीचं मागून समजतं.

पहिल्या पत्रात हे सारखे बोलतात. सकाळी बोलतात, जेवताना बोलतात, चहाच्या सुट्टीत तर केवढं बोलतात. पाय लांब करतात. दुसऱ्या पत्रात तुम्ही म्हणता, दादा बघ. तुम्ही म्हणता, बघितलंस. ह्यांचा एक शब्द नाही. झेल सुटल्यावर नाही. नवा चेंडू आल्यावर नाही. शेवटच्या ओव्हरला तुम्ही एकटेच मोजताय.

तुम्ही हाक मारलीत आणि मी आत आले, तेव्हा मी ह्यांचा हात हातात घेतला होता. तो गार होता. पंखा चालू होता म्हणून असेल, असं मी धरून चालले. डॉक्टर तुमच्याशी बाहेर जिन्यात बराच वेळ बोलले, आणि तुम्ही आत येऊन मला म्हणालात, "आत्ताच गेला, आत्ताच." हात आत्ताचा नव्हता. हे मला तेव्हाच ठाऊक असणार. मी बघितलं नाही तिकडे.

तुम्हाला माहीत नाही, हो ना? हे कधी गेले ते तुम्हाला माहीत नाही. टकटक झाली की नाही हेही माहीत नाही. तुम्ही टीव्हीकडे बघत होतात. आणि ह्यांचं बसणं तुम्हाला वेगळं वाटलं नाही, कारण तसंच बसायचं असतं.

आता माझं ऐका. मी भिंतीच्या पलीकडे होते. चहानंतर मला एकच आवाज येत होता, तुमचा. दादा बघ, दादा बघितलंस. उत्तर येत नव्हतं, आणि मला काही वाटलं नाही. हे मान हलवत असतील, म्हटलं. मी तर दारापर्यंत येऊन बघून गेले. ह्यांच्याकडे आपण दोघांनीही पाहिलं. दोघांनाही एक माणूस मॅच बघताना दिसला.

तुम्ही मला आत्ताच गेला म्हणालात, ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी, हे मी विचारत नाही. मी तुमच्यावर रागावलेले नाही. हे वाक्य मी सरळ लिहितेय, त्याच्या मागे दुसरं काही नाही.

पण रेकॉर्डिंग पाठवा. आता मला ते पाहायलाच हवं.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

पेनड्राइव्ह पाठवतोय. टीव्हीच्या मागे लागतो. चहानंतरचा खेळ दुसऱ्या फाइलमध्ये आहे.

मला खरंच माहीत नाही.


१४ एप्रिल

ताई,

मी लेकीच्या घरून लिहितेय. ती झोपलीय, म्हणून फोन न करता पत्र. शिवाय फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुम्ही ह्यांना काय लिहिलंत? भांडायला विचारत नाही. काळजी वाटतेय म्हणून विचारतेय.

मोठे भाऊजी गेल्यापासून हे ठीक नाहीत. तुम्हाला कळू दिलं नाही, तुमचंच दुःख केवढं. पण मी पेपर वाचत बसले की म्हणायचे, "बोल काहीतरी." मी म्हणायचे, "वाचतेय ना." तर म्हणायचे, "मोठ्याने वाच." झोपेत माझ्या नाकापुढे हात धरायचे. एकदा मी दचकून उठले तर म्हणाले, "काही नाही, डास होता." आणि ती मॅच. तीच ती. एक चेंडू लावायचे, थांबवायचे, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. पुन्हा एक चेंडू. जणू त्यातल्या कुठल्या चेंडूला काही सापडणार आहे. मी म्हटलं, "मला तर ह्या खेळात काय बघायचं ते कधी कळलं नाही, तुम्ही काय शोधताय?" तर म्हणाले, "गप बस." मग लगेच, "नको, गप बसू नकोस."

आता शेजारीण म्हणते, बरेच दिवस टीव्हीचा आवाज नाही. दुधाच्या पिशव्या दाराशी तशाच. बेल वाजवली की "आहे" म्हणतात, दार उघडत नाहीत. मला फोनवर, "बरंय, बरंय."

लेकीला सोडून मला निघता येत नाही. डॉक्टरांनी तिला उठूसुद्धा नको म्हटलंय. ताई, तुम्हाला हे सांगायचा मला काय हक्क, ते मला कळतं. तुमचं माणूस गेलं आणि मी माझं सांभाळा म्हणतेय. पण ते दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत.

तुमची
धाकटी


२५ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. म्हणजे आधी श्वास सोड. साखरेचा डबा तू कुठल्या जन्मी कुठे ठेवतेस देव जाणे, पण सापडला. जरा सविस्तर सांगते, कारण तू विचारलंस की मी काय लिहिलं, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पेनड्राइव्ह येऊन माझ्याकडे पडून होता. माझ्याच्याने तो लावला जात नव्हता. पाकीट पुस्तकांखाली ठेवलं होतं. मग तुझं पत्र आलं, रविवारी दुपारी हातात पडलं, शेजारच्यांकडे टाकलं होतं पोस्टमनने. ते वाचून मी उठले आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. बाइंडिंगच्या दुकानातल्या डिझाइनरने कसा लावायचा ते सांगून ठेवलं होतं.

दुसरी फाइल लावली, आवाज मोठा केला, भाऊजी आले की ठेवतात तेवढा, आणि मी खोलीत बसले नाही. स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी मी तिथे होते, तर तिथूनच ऐकायचं ठरवलं. भांडी काढली आणि घासायला लागले.

बराच वेळ काही नाही. लोकांचा गलबला, मधूनच टाळ्या, बोलणाऱ्यांचं इंग्रजी. आणि मग टकटक झाली. दोनदा. अगदी भिंतीतूनच.

धाकटे, माझे हात साबणात होते. ते तसेच घेऊन मी दारात आले. खुर्ची रिकामी होती. टीव्हीवर तो बॅट्समन वाकून उभा होता, आणि चेंडू यायच्या आधी बॅटचं टोक जमिनीवर आपटत होता. टक, टक. यष्टीत माइक असतो म्हणे, तो हे सगळं उचलतो. चेंडू आला, त्याने खाली ठेवला, लांब गेला, परत आला, वाकला. टक, टक. दर चेंडूला. तीस वर्षं त्या भिंतीआड हा आवाज होत असणार. ह्यांच्या बोटांचा एवढा ओळखते म्हणणारी मी, आणि मला ह्याचा पत्ता नाही, कारण मी कधी बसून पाहिलंच नाही.

म्हणजे मला जे ऐकू आलं ते हे होतं. असं मी म्हणतेय. पण ते दर चेंडूला होतं आणि मला त्या दुपारी एकदाच ऐकू आलं. बाकीच्या वेळी नळ चालू असेल, भांडी वाजत असतील. किंवा ते एकदाचं वेगळं असेल. हे मला कधीच कळणार नाही. ते इथे तुझ्यापाशी लिहून टाकते, म्हणजे मला पुन्हा कोणाला विचारायला नको.

मग मी हात पुसले आणि ह्यांच्या खुर्चीत बसून पुढचं सगळं पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला त्यात काही दिसलं नाही. ऊन पिवळं होतं, गवत छान होतं. एकाला सारखं लागत होतं तरी तो काही करत नव्हता, त्याची दया आली. झेल सुटला तो पाहिला. तिथे मैदानभर एवढा आवाज झाला की त्याखाली कोणी काही म्हटलं असतं तर शेजारच्यालाही कळलं नसतं. मी थांबवून मागे घेतलं नाही. तुझ्या नवऱ्यासारखं करायला लागले असते, म्हणून हात रिमोटपासून लांब ठेवला.

आणि मग मला झोप लागली. ह्यांच्यामागे इतक्या महिन्यांत दिवसाउजेडी माझा डोळा लागला नव्हता. मान खुर्चीच्या पाठीला, हात मांडीवर. जाग आली तेव्हा तेच दोघं खेळत होते, तशीच माणसं भोवती वाकून बसली होती. मी किती वेळ झोपले होते ते खेळावरून सांगता येईना. आणि मला वाटलं, आत्ता माझ्या शेजारी कोणी बसलेलं असतं, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की ही बाई मॅच बघत होती. भाऊजींचं दुसरं काय झालं? ह्या खेळात बघणारा, झोपलेला आणि गेलेला माणूस शेजारून सारखाच दिसतो. त्यांना हे पत्रातून सांगून उपयोग नव्हता. पत्रात मी रागावले नाही असं लिहिलं होतं, आणि त्यांनी दार लावून घेतलं. कागदावरचं तेवढंच वाक्य वाचत बसले असतील, त्याच्या मागे काय आहे ते शोधत.

शेवटचा चेंडू त्या बोलरने सोडून दिला तो मी पाहिला. सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते, हरलेलं कोणी नव्हतं. टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुट्टी सांगून मी पहिल्या बसने इथे आले. बेल वाजवली नाही, तुझ्या शेजारणीकडची किल्ली घेऊन दार उघडलं. भाऊजी बंद टीव्हीसमोर पाठमोरे बसले होते, हलत नव्हते, मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. मी दारात थांबले नाही. सरळ पुढे गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "भाऊजी" म्हणून हाक मारली. त्यांनी ओ दिली, आणि मग मी त्यांच्या शेजारी बसले.